मेन स्विच पडला तरी बिघडू नये असा छोटा लिनक्स बॉक्स: पेनड्राइव्हवरून अल्पाइन चालवण्याची कृती

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर आमचे वाचनालय आहे. रात्री आठला शेवटचा वाचक गेला की ग्रंथपाल काकू खिडक्या ओढून घेतात, पंखे बंद करतात आणि दाराजवळचा मेन स्विच खाली पाडतात. वायरिंग जुने आहे, रात्री आत वीज नको, हा नियम त्यांच्याही आधीपासूनचा. या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी वाचकांना मोबाइलवर पाहता यावी म्हणून मला तिथे एक छोटे यंत्र बसवायचे होते. ते आधी नीट बंद करायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि मग स्विच पाडायचा, असे मी काकूंना समजावून सांगितले. त्यांनी विचारले, “आणि मी रजेवर असले तर? कुलूप लावणाऱ्याला हे कोण सांगणार?”

प्रश्न अगदी बरोबर होता. तरी पहिल्या खेपेला मी त्याकडे लक्ष दिले नाही. नेहमीचे डेस्कटॉप लिनक्स हार्ड डिस्कवर टाकतात तसे पेनड्राइव्हवर टाकले आणि यंत्र सुरू करून दिले. रोज रात्री वीज झटक्यात जायची, रोज सकाळी यंत्र फाइल सिस्टीमची तपासणी करत बसायचे. पावसाळा संपायच्या आत पेनड्राइव्ह गेला. यादीची प्रत घरी होती म्हणून वाचलो.

आता तिथे जे यंत्र आहे ते रोज रात्री तसेच झटक्यात बंद होते आणि सकाळी मुकाट्याने सुरू होते. त्यातली सगळी प्रणाली, अल्पाइन नावाचे छोटे लिनक्स, रॅममध्ये चालते. पेनड्राइव्ह फक्त सुरुवातीला वाचला जातो आणि त्यावर लिहिले जाते ते मी सांगेन तेव्हाच. ही मांडणी घरी, सोसायटीच्या ऑफिसात किंवा क्लासमध्ये कशी करायची ते पुढे सांगतो. लिनक्स कधी हाताळले नसेल तरी चालेल; काळ्या पडद्यावर टाइप करायची तयारी हवी.

फ्लॅश का मरते

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, ईएमएमसी (छोट्या यंत्रांत बोर्डावरच बसवलेली साठवण), एसएसडी या सगळ्यांच्या पोटात नँड फ्लॅश असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती घडवली; तिचा नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. तिचा स्वभाव एकदा कळला की पुढची प्रत्येक पायरी पटते.

नँड फ्लॅश पानापानाने वाचता येते, पानापानाने लिहिता येते, पण पुसायची वेळ आली की अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. पान काही किलोबाइटचे असते आणि गठ्ठा शेकडो किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंतचा. म्हणजे एका छोट्या फायलीतली एक ओळ बदलली तरी आतला कंट्रोलर नवे पान दुसरीकडे लिहितो, जुने बाद ठरवतो आणि कधीतरी उरलेली चांगली पाने हलवून तो गठ्ठा पुसतो. प्रत्येक पुसण्याने सेल थोडा झिजतो. एका सेलमध्ये एकच बिट ठेवणारी जुनी एसएलसी फ्लॅश साधारण १ लाख वेळा पुसणे सोसते. तीन बिट कोंबणारी टीएलसी साधारण १,००० ते ३,००० वेळा. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये कोणती असेल हे वेगळे सांगायला नको.

झीज ही सावकाश चालणारी गोष्ट आहे. वीज जाणे त्याहून घातक. कोणते पान कुठे ठेवले याचा एक नकाशा कंट्रोलर सांभाळत असतो. तो नकाशा बदलत असताना वीज गेली, तर ज्या फायलीला कोणी हातही लावला नव्हता तीही हरवू शकते. माझा पहिला पेनड्राइव्ह असाच गेला असणार, कारण शेवटच्या दिवशी तो पूर्ण रिकामा दिसत होता.

नेहमीची प्रणाली तर सतत लिहीत असते: लॉग (काय काय घडले त्याच्या नोंदी), स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा), ब्राउझरचा कॅश, तात्पुरत्या फायली. स्वॅप बंद करणे, ‘नोएटाइम’ पर्याय (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणे) लावणे, लॉग रॅममध्ये नेणे असे उपाय आहेत आणि ते कामही देतात. पण ते एकेक गळती बुजवण्यासारखे आहे. मूळ प्रणालीच रॅममध्ये उचलून ठेवली की सगळ्या गळत्या एकदम थांबतात.

अल्पाइनच का

अल्पाइन लिनक्स लहान आहे, कारण त्याचे सुटे भाग लहान आहेत. सी लायब्ररी मसल, सेवा सुरू-बंद करायला ओपनआरसी, आणि रोजच्या शेकडो आज्ञांसाठी बिझीबॉक्स नावाचा एकच प्रोग्राम. हा बिझीबॉक्स ब्रूस पेरेन्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर लिहिला, तो डेबियन या लिनक्सची इन्स्टॉल आणि बचावाची डिस्क एका फ्लॉपीत बसावी म्हणून. १.४४ मेगाबाइटसाठी केलेली ती काटकसर आज आपल्या कामी येते.

अल्पाइन तीन प्रकारे बसवता येते. आपल्याला हवा तो ‘डिस्कलेस’ प्रकार, आणि डाउनलोड केलेली प्रत मुळात त्याच प्रकारे सुरू होते. टायनी कोअर हे दुसरे छोटे लिनक्सही रॅममध्ये चालते आणि आकाराने आणखी लहान आहे. पण बदल जपून ठेवण्याची अल्पाइनची पद्धत नवख्याला जास्त सरळ वाटते, असे माझे मत आहे.

यंत्र निवडताना

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटांत लॅमिंग्टन रोड येतो, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत ‘थिन क्लायंट’ मागा. मोठ्या ऑफिसांतून बदलून टाकलेले हे बॉक्स जाड पुस्तकाएवढे असतात, बऱ्याच जणांत पंखा नसतो, आणि मुंबईच्या हवेत पंखा नसणे ही फार मोठी सोय आहे. धूळ आणि दमट खारी हवा आत ओढली जात नाही. मी डेल वाइज ३०४० घेतला: इंटेल अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम. अक्षरी पडद्यावर चालणाऱ्या कामाला ५१२ एमबी पुरते, १ जीबी म्हणजे ऐसपैस. रास्पबेरी पायही चालेल. त्याचा फरक पुढे सांगतो.

दुकानात तीन गोष्टी बघून घ्या. अ‍ॅडॉप्टर त्याच बॉक्सचा आहे का, हे खालच्या लेबलवरचे व्होल्ट वाचून पाहा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बॉक्सचे व्होल्ट वेगळे असू शकतात. पडद्याचा सॉकेट कोणता आहे ते पाहा. वाइज ३०४० ला फक्त डिस्प्लेपोर्ट आहे, त्यामुळे घरच्या मॉनिटरसाठी कन्व्हर्टर लागतो. आणि दुकानातच सुरू करून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ नोंदींच्या पडद्यावर) शिरून दाखवायला सांगा. बायोसला आधीच्या ऑफिसचा पासवर्ड असेल तर पुढचे सगळे अडते. डेल वाइजच्या बऱ्याच बॉक्सना कारखान्यातून ‘फायरपोर्ट’ हा पासवर्ड असतो, पहिले अक्षर मोठे. आधी तो टाकून पाहा.

विजेची काळजी नको. ५ वॅट घेणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर ३.६ युनिट होतात.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे, पण दोन घ्या, ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट. रस्त्यावर मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हवर ६४ लिहिलेले असते, कॉम्प्युटरही ६४ दाखवतो, आणि आत प्रत्यक्षात फार थोडी जागा असते. भरत गेलात की जुन्या फायली गपचूप खराब होतात. म्हणून नवा पेनड्राइव्ह आधी पूर्ण भरून परत वाचून पाहावा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम हेच करतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

पेनड्राइव्ह तयार करणे

अल्पाइनच्या अधिकृत संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावर ‘स्टँडर्ड’ नावाखाली ‘एक्स८६_६४’ची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फायलीतली प्रत) घ्या. शेजारी एसएचए२५६ नावाची खूण असते. विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ आज्ञेने आपल्या फायलीची खूण काढून ती जुळते का पाहा.

आता सगळ्यात जास्त नवखे जिथे अडकतात ती जागा. आयएसओ पेनड्राइव्हवर चढवण्यासाठी ‘डीडी’ किंवा तसलाच एखादा प्रोग्राम वापरा, असे बहुतेक ठिकाणी सांगतात. त्याने यंत्र सुरू होते, सगळे छान चालते, आणि मग बदल जपायला गेलात की लिहिता येत नाही असे उत्तर येते. कारण तसे केल्यावर पेनड्राइव्ह सीडीसारखा होतो; सीडीची फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरतीच असते. एकदाच प्रणाली बघायची असेल तर ते ठीक. आपल्याला पेनड्राइव्ह हेच यंत्राचे कायमचे घर करायचे आहे.

म्हणून सोपा मार्ग घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजमध्ये आयएसओवर दोनदा क्लिक केले की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते; आतले सगळे फोल्डर आणि फायली उचलून पेनड्राइव्हवर कॉपी करा. लपलेल्या फायली दाखवण्याची सोय आधी चालू करा. ‘एपीकेएस’ फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘बूट_रिपॉझिटरी’ नावाची रिकामी फाइल असते. यंत्र सुरू होताना पॅकेजांचा (बसवायच्या प्रोग्रामच्या फायलींचा) साठा कोणत्या ड्राइव्हवर आहे हे ती फाइल पाहूनच ठरवते. ती कॉपी झाली नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतो आणि पुढे अडतो, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

ही पद्धत यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या यंत्रांना चालते, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेकांना. त्याहून जुने, फक्त बायोस असलेले यंत्र असेल तर नुसत्या कॉपीने भागत नाही. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा कोड लागतो. तेव्हा डीडीने केलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘सेटअप-बूटेबल’ या अल्पाइनच्याच आज्ञेने दुसरा, लिहिता येणारा पेनड्राइव्ह तयार करायचा असतो. पहिल्याच प्रयत्नाला तो रस्ता धरू नका. यूईएफआयचा बॉक्स शोधा.

रास्पबेरी पायसाठी वेगळी फाइल मिळते. तीही अशीच: फॅट३२ च्या कार्डवर उलगडून टाकायची, झाले. कार्ड घेताना सीसीटीव्हीसाठी विकले जाणारे ‘हाय एन्ड्युरन्स’ घेतले तर उत्तम, पण या पद्धतीत लिहिणेच इतके कमी असते की साधे चांगले कार्डही खूप टिकते.

बायोसमधल्या नोंदी

यंत्र सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहा. ‘सिक्युअर बूट’ बंद करा, कारण अल्पाइनवर त्यासाठी लागणारी सही नसते. यूएसबीवरून सुरू होण्याची परवानगी द्या आणि क्रमात यूएसबी सगळ्यात वर आणा.

तिसरी नोंद आमच्या वाचनालयासाठी प्राण आहे: ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘रिस्टोअर ऑन पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय. तो ‘पॉवर ऑन’ वर ठेवा. मग सकाळी मेन स्विच वर केला की कोणी बटण न दाबता यंत्र जागे होते. काकूंना यंत्राला हातही लावावा लागत नाही. जुन्या बॉक्समधला बटणासारखा सेल संपला असेल तर या नोंदी रोज पुसल्या जातात. सेल आधीच बदलून घ्या.

पहिली सुरुवात

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळी अक्षरे इंग्रजी आणि छोटी. ‘एलबीयू’, ‘एपीके’, ‘आरसी’ असे दिसले तर ती सुटी अक्षरे आहेत: एल, बी, यू. ‘कमिट’, ‘अ‍ॅड’ असे दिसले तर तो नेहमीचा इंग्रजी शब्द, त्याच्या नेहमीच्या स्पेलिंगने.

पेनड्राइव्ह लावा, राउटरची लॅन वायर लावा, सुरू करा. थोड्या वेळात ‘लोकलहोस्ट लॉगिन’ दिसेल. ‘रूट’ (सगळे अधिकार असलेला मुख्य वापरकर्ता) लिहा, अजून पासवर्ड नाही, थेट आत जाल. मग ‘सेटअप-अल्पाइन’ ही आज्ञा द्या. ती एकेक प्रश्न विचारते आणि बहुतेक ठिकाणी सुचवलेले उत्तर एन्टर दाबून मान्य करता येते. कीबोर्ड दोन्ही वेळा ‘यूएस’. यंत्राला नाव द्या, मी ‘ग्रंथ’ दिले. नेटवर्कसाठी ‘ईटीएच०’ (लॅनचा सॉकेट) आणि ‘डीएचसीपी’ (पत्ता राउटरनेच द्यावा). रूटचा पासवर्ड घसघशीत ठेवा. टाइमझोन ‘एशिया’ आणि ‘कोलकाता’, इथे मात्र दोन्हींचे पहिले अक्षर मोठे. वेळ जुळवणारा प्रोग्राम सुचवलेलाच राहू द्या. घड्याळ चुकले तर सुरक्षित संकेतस्थळांशी बोलणी फसतात.

डिस्कच्या प्रश्नाशी मात्र थांबा. कोणत्या डिस्कवर बसवू, असे विचारले की ‘नन’ लिहा. यंत्राच्या आतली ईएमएमसी दाखवून तो मोह घालतो, नको. मग विचारतो, ठेवण (केलेल्या सेटिंग) कुठे जपायची. इथे आपल्या पेनड्राइव्हचे नाव, बहुधा ‘यूएसबी’ किंवा ‘एसडीए१’. शेवटी पॅकेजचा कॅश (हाताशी ठेवलेल्या प्रती) कुठे ठेवायचा, तो पेनड्राइव्हवरच सुचवलेला असतो; मान्य करा.

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे कारण समजून घ्या. तुम्ही बदल जपता तेव्हा पेनड्राइव्हवर नव्या प्रोग्रामची फक्त नावे जपली जातात, प्रोग्राम नाही. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती यादी वाचून सगळे नव्याने रॅममध्ये बसवले जाते, आणि ते नेटवर्क सुरू होण्याच्या आधी. म्हणजे इंटरनेट असले तरी त्या क्षणी त्याचा उपयोग नाही. प्रोग्राम पेनड्राइव्हवरच्या कॅशमध्ये असेल तरच तो परत दिसतो. चुकून कॅश ठरवायचा राहिला तर ‘सेटअप-एपीकेकॅश’ ही आज्ञा द्या आणि मग ‘एपीके कॅश डाउनलोड’, म्हणजे आधी बसवलेलेही त्यात येतील.

पहिले काम: यादी दाखवणे

वेब सर्व्हरसाठी लाइटी घेतला. त्याचे खरे नाव एल-आय-जी-एच-टी-टी-पी-डी. ‘एपीके अ‍ॅड’ आणि पुढे ते नाव, की तो बसतो. ‘आरसी-अपडेट अ‍ॅड’ आणि नाव, म्हणजे रोज आपोआप सुरू होईल. ‘आरसी-सर्व्हिस’, नाव आणि ‘स्टार्ट’, म्हणजे आत्ता सुरू होईल. त्याचे घर ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/लोकलहोस्ट/एचटीडॉक्स’ या फोल्डरमध्ये. घरी स्प्रेडशीटमधली यादी वेबपान म्हणून जतन करा, ‘इंडेक्स’ नाव देऊन एससीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या सोयीने) या फोल्डरमध्ये पाठवा. पानावर यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) ची नोंद असू द्या, नाहीतर मोबाइलवर मराठीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. विंडोजवरून पाठवायला विनएससीपी सोपा पडतो. त्याला रूटने थेट शिरू दिले जात नसेल तर सेटअपच्या वेळी एक साधा वापरकर्ता करून ठेवा, फाइल त्याच्या फोल्डरमध्ये पाठवा आणि आत जाऊन हलवा.

राउटरमध्ये या यंत्राला कायमचा पत्ता बांधून द्या. बहुतेक राउटरांत ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तो पत्ता मोठ्या अक्षरांत छापून आम्ही कपाटावर चिकटवला आहे. वाचक वाचनालयाच्या वायफायवर येऊन तो टाकतात आणि यादीत पुस्तक शोधतात.

जपून ठेवणे

आत्तापर्यंत केलेले सगळे रॅममध्ये आहे. आत्ता वीज गेली तर सगळे पुसले जाईल. जपण्याची आज्ञा ‘एलबीयू कमिट’.

ती ‘/ईटीसी’ फोल्डरमधले बदल गोळा करते, त्यांचा एक गठ्ठा बांधते आणि यंत्राच्या नावाने पेनड्राइव्हवर ठेवते. आमच्याकडे त्याचे नाव ‘ग्रंथ’पासून सुरू होऊन ‘एपीकेओव्हीएल’कडे जाते. पेनड्राइव्ह एरवी फक्त वाचण्यापुरता जोडलेला असतो. या आज्ञेच्या वेळी तो क्षणभर लिहिता येईल असा होतो आणि लगेच परत पहिल्यासारखा. रोज रात्री वीज तोडूनही काही होत नाही ते यामुळे.

ध्यानात घ्या, मुळात जपले जाते ते ‘/ईटीसी’. आपली यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे. ‘एलबीयू इन्क्लूड’ आणि पुढे त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, ही आज्ञा एकदाच द्या आणि मग कमिट करा. ‘एलबीयू स्टेटस’ विचारले की अजून न जपलेले बदल दिसतात. काम संपवून उठताना ते रिकामे आहे का पाहायची सवय लावा. ‘/ईटीसी/एलबीयू’ फोल्डरमधल्या ‘एलबीयू.कॉन्फ’ फायलीत ‘बॅकअप_लिमिट’ ही ओळ उघडी करून ३ केले तर आधीचे तीन गठ्ठेही राहतात. चुकलात तर मागे जाता येते.

या गठ्ठ्यात पासवर्डचे सांकेतिक रूप आणि एसएसएचच्या (दुरून यंत्रात शिरण्याच्या सोयीच्या) किल्ल्याही असतात. पेनड्राइव्ह ज्याच्या हातात, त्याच्या हातात तेही. म्हणून आमचा बॉक्स काचेच्या कपाटात, कुलपात आहे.

रॅम किती, कशाला

रॅममधली ही जागा आपोआप एकूण रॅमच्या निम्मी ठरते. २ जीबीच्या यंत्रात सुमारे १ जीबी. हजारो पुस्तकांची यादी त्यात कोपऱ्यात बसते. पण वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन ठेवायचे झाले तर ते रॅममध्ये कोंबू नका. पेनड्राइव्हवरच एक फोल्डर करून कॉम्प्युटरला लावून त्यात कॉपी करा, आणि वेबच्या फोल्डरमधून ‘एलएन’ आज्ञेला ‘-एस’ जोडून तिकडे दुवा द्या. ते फक्त वाचले जातात, त्यामुळे फ्लॅशला त्रास नाही. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही एवढे पाहा.

पुस्तक दिले-घेतल्याची रोजची नोंद या यंत्रावर ठेवायचा आग्रह आमच्याकडेही झाला. मी नाही म्हणालो. दर मिनिटाला बदलणारी आणि हरवून चालणार नाही अशी माहिती या मांडणीत बसत नाही. शेवटच्या कमिटनंतरचे सगळे वीज गेल्यावर जाते. ती नोंद काकूंच्या वहीतच आहे आणि तिथे ती सुरक्षित आहे. तुम्हाला तसे काही करायचेच असेल तर वेगळी एसएसडी आणि यूपीएस घ्या.

लॉगही रॅममध्येच राहतात आणि रात्री पुसले जातात. काही बिघाड शोधत असाल तर वीज जाण्याआधी ‘/व्हार/लॉग’मधली हवी ती फाइल उतरवून घ्या.

परीक्षा

कमिट करा, आणि मग सरळ वायर ओढा. खरोखर ओढा, बटणाने बंद करू नका. दहा सेकंदांनी परत लावा. यादी मोबाइलवर दिसली पाहिजे. मग राउटरची इंटरनेटची वायर काढून हेच परत करा. कॅश चुकला असेल तर तो इथे उघडा पडतो. मी ही परीक्षा घरी लागोपाठ वीस वेळा केली, आणि नंतरच बॉक्स वाचनालयात नेला.

समुद्र जवळ असला की यूएसबीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. पावसाळ्यात एकदा यंत्र पेनड्राइव्हच ओळखेना, तेव्हा कारण तेवढेच निघाले. वीज बंद करून पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या आणि सुरू झाले. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवून पाहा.

दुसरा पेनड्राइव्ह आणि नवी आवृत्ती

पहिला पेनड्राइव्ह नीट चालला की कॉम्प्युटरला लावा आणि त्यावरचे सगळे, लपलेल्या फायलींसकट, दुसऱ्या फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी करा. एवढ्याने जुळा तयार. आमचा जुळा काकूंच्या टेबलाच्या खणात पाकिटात आहे. यंत्र सुरू झाले नाही तर पेनड्राइव्ह बदलून स्विच परत वर करायचा, एवढेच त्यांना शिकवले आहे. यादी बदलली की जुळ्यावरही तो नवा गठ्ठा कॉपी करायला विसरू नका.

अल्पाइनची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण मे आणि नोव्हेंबरात येते आणि मुख्य भांडाराला दुरुस्त्या साधारण दोन वर्षे मिळतात. मधल्या काळात ‘एपीके अपडेट’, ‘एपीके अपग्रेड’ आणि मग ‘एलबीयू कमिट’ एवढे दर महिन्याला पुरे. पण त्याने कर्नल बदलत नाही. तो पेनड्राइव्हच्या ‘बूट’ फोल्डरमधून येतो आणि तिथे जुनाच असतो. म्हणून वर्षातून एकदा जुळ्याला कामाला लावा: तो फॉरमॅट करा, नव्या आयएसओतले सगळे त्यावर टाका, चालू पेनड्राइव्हवरचा गठ्ठा त्यात ठेवा. घरी यंत्र त्यावरून सुरू करा. पहिल्या खेपेला कॅश रिकामा असल्याने वेब सर्व्हर दिसणार नाही, घाबरू नका. ‘/ईटीसी/एपीके/रिपॉझिटरीज’ फायलीत आवृत्तीचा आकडा बदला, अपडेट आणि अपग्रेड करा, कॅश बसवून डाउनलोड करा, कमिट करा आणि वायर ओढण्याची परीक्षा परत घ्या.

चालला की हा वाचनालयात जातो आणि आधीचा पाकिटात येतो. पाकिटावर तारीख आणि आवृत्ती पेनाने लिहून ठेवा. नवा महिनाभर बिनतक्रार चालेपर्यंत जुन्याला हात लावू नका.